मिनी ट्रॅक्टरला पुढे पाते लावून गाळ ढकलताना पुढची चाके वळत नाहीत आणि डावे चाक सारखे हवा सोडते

वाडीवाला_गोराई

नमस्कार.

गोराईला आमची नारळाची आणि भाजीपाल्याची वाडी आहे. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट खाडीच्या बाजूने सखल असल्यामुळे पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की तिच्यावर वीतभर गाळ येऊन बसतो. पूर्वी तो माणसे लावून फावड्याने ओढत असू. आता त्या कामाला माणसे मिळत नाहीत, म्हणून वाडीतल्याच १५ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरला पुढच्या बाजूने हायड्रॉलिकवर चालणारे पाते बसवून घेतले आहे. (समुद्रकिनाऱ्यावरची रेती काढण्याचा येथे प्रश्न नाही, हे आधीच सांगून ठेवतो, काम केवळ आमच्या वाटेपुरते आहे.)

ट्रॅक्टर टू व्हील ड्राइव्ह आहे. पुढचे टायर ५.२०-१४ आणि मागचे ८.००-१८ मापाचे असून कागदोपत्री वजन ७८० किलो आहे. पाते त्याच्या सांगाड्यासह साधारण १२० किलोचे असावे. वाटेच्या डाव्या हाताला कुंपणाची भिंत आणि उजव्या हाताला चर असल्याने पाते कायम उजवीकडे तिरपे ठेवावे लागते, म्हणजे गाळ चराच्या बाजूला पडतो.

अडचणी अशा आहेत. पाते भरले की ट्रॅक्टरचे तोंड डावीकडे भिंतीकडे सरकू लागते आणि स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवले तरी पुढची चाके वळलेल्या अवस्थेतच गाळावरून घसरत राहतात. डाव्या चाकाची हवा वारंवार जाते. पंक्चरवाल्याने ट्यूब बदलली, पण नवी ट्यूबही व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली. रिकामे पाते वर उचलून डांबरी रस्त्यावरून येताना स्टेअरिंग थरथरते, तेही पूर्वी नव्हते. एका मिस्त्रींचे म्हणणे असे की पुढचे टायर रुंद घ्या, तर दुसऱ्यांनी सरळ फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेण्याचा सल्ला दिला. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका चाकांत आहे, बेअरिंगमध्ये आहे की पात्यात आहे, हे समजून घेण्याची इच्छा आहे.

नटबोल्ट_भांडुप

नवे काही विकत घेण्यापूर्वी आहे त्या यंत्राचा खेळ (सांध्यांमधला ढिलेपणा) तपासा. ट्रॅक्टर सपाट आणि घट्ट जमिनीवर उभा करून मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि पाते जमिनीवर टेकवून ठेवा. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एकाच पिनेवर झोके घेत असतो, त्यामुळे एका बाजूने जॅक लावला की वरचे धड अनपेक्षितपणे कलते. म्हणून अ‍ॅक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडाच्या पाचरी मारल्याशिवाय जॅक चढवू नका आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

चाक अधांतरी आले की ते वर आणि खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर दोष कोठला हे ओळखायला मागून कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून उपयोग नाही, कारण या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतात. त्याऐवजी हलवताना हब (चाकाचा मधला भाग) आणि स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर फिरतो तो आखूड दांडा) यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवा. फट तेथे उघडत-मिटत असेल तर दोष बेअरिंगचा, आणि हब स्थिर राहून संपूर्ण स्टब हलत असेल तर दोष किंग पिनच्या, म्हणजे स्टब ज्या उभ्या पिनेभोवती वळतो तिच्या, बुशचा (पिनेभोवतीच्या नळीचा). त्यानंतर चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. तेथला खेळ बहुधा टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांचा निघतो. डांबरावर स्टेअरिंग थरथरते म्हणता, त्यावरून यांपैकी किमान एक गोष्ट झिजलेली असावी असा माझा अंदाज आहे.

हबमध्ये आत मोठे आणि बाहेर लहान असे दोन टेपर (निमुळत्या रोलरचे) बेअरिंग असतात. टोपी काढल्यावर आतले ग्रीस पाण्याने पांढुरके झालेले दिसले, तर खारे पाणी सीलमधून आत गेले आहे असे समजा आणि बेअरिंग धुऊन, त्यांचे रोलर व वाट्या नखाने चाचपून पाहा. खड्डे लागले तर दोन्ही बेअरिंग वाट्यांसह बदला, जुन्या वाटीत नवे बेअरिंग बसवण्याची काटकसर करू नका. बसवताना चाक हाताने फिरवत नट आवळत जावे, चाक जड लागू लागले की थांबावे आणि स्प्लिट पिनचे पुढचे भोक जुळेल इतकाच नट मागे घ्यावा. सील मात्र प्रत्येक वेळी नवे. जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक घेऊन मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर बेअरिंग आणि सील एकाच फेरीत मिळून जाईल.

आणखी एक करता येईल. मागच्या लिंकेजवर (अवजारे जोडायच्या दांड्यांवर) रेतीच्या गोणी टांगून वजन वाढवा, म्हणजे ट्रॅक्टर जमिनीला धरून राहील.

टायर_ट्यूब

मी केवळ ट्यूबपुरते बोलतो. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली ट्यूब म्हणजे पंक्चर नव्हे. टायर रिंगवर (चाकाच्या लोखंडी कड्यावर) घसरून फिरतो आहे, आणि ट्यूब टायरबरोबर सरकत असताना व्हॉल्व्ह मात्र रिंगच्या भोकात अडकून राहतो, म्हणून तो मुळातून उपटला जातो. टायर आणि रिंग यांच्यावरून खडूची एकच रेघ ओढा आणि थोडे काम करून पाहा. रेघ तुटून दोन तुकडे इकडे-तिकडे झाले तर खात्री झाली. हवा कमी असणे आणि रिंगच्या कडा गंजून खवल्यासारख्या होणे ही त्याची दोन नेहमीची कारणे आहेत. रिंग तारेच्या ब्रशने घासून, रंग देऊन, पूर्ण वाळल्यावरच टायर चढवा आणि टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा. चिखलात हवा कमी ठेवावी हा नियम ओढणाऱ्या मागच्या चाकांसाठी आहे. पुढे पाते असताना तो पुढच्या चाकांना लावला तर ट्यूब फाटत राहणार.

मुलुंडकर

आपला प्रश्न वाचून मला कॅनडाची आठवण झाली. मी काही वर्षे ओंटारिओत राहत होतो आणि तेथे घरासमोरच्या वाटेवरचा बर्फ काढण्यासाठी हिरवळ कापण्याच्या छोट्या गार्डन ट्रॅक्टरलाच पुढे पाते लावण्याची पद्धत सर्रास आहे. यंत्र आपल्या मिनी ट्रॅक्टरपेक्षाही लहान, पुढचे टायर अवघे १६ इंच व्यासाचे आणि पाते साधारण ४२ ते ४८ इंच रुंद. पण तक्रारी जवळपास याच असतात. पाते तिरपे करून बर्फ एका बाजूला टाकू लागले की यंत्राचे तोंड विरुद्ध बाजूला जाते, चाके वळलेली असूनही घसरत राहतात, आणि पात्याचा कोपरा गोठलेल्या ढिगाऱ्यात अडकला की एका झटक्यात टायरची कड रिंगवरून सुटते.

तेथल्या अनेक गार्डन ट्रॅक्टरांत पुढच्या चाकाला टेपर बेअरिंग नसते. साधी बुश असते आणि चाक पाऊण इंची दांड्यावर एक वॉशर व एक छोटी क्लिप यांच्या आधाराने थांबलेले असते. हिरवळ कापताना चाकावर आडवा जोर फारसा येत नाही, म्हणून ती रचना चालून जाते. बर्फ ढकलताना मात्र तोच आडवा जोर वॉशर खात जातो, क्लिप उडते आणि चाक वाटेत निघून पडते. म्हणून जाणकार लोक हिवाळ्यापूर्वी बुशच्या जागी बॉल बेअरिंग बसवतात, जाड वॉशर घालतात आणि ग्रीस भरतात. नटबोल्ट यांनी सांगितलेल्या टेपर बेअरिंगची रचना आडवा जोर पेलण्यासाठीच असते, त्यामुळे आपला ट्रॅक्टर या बाबतीत मुळातच सुदैवी आहे.

टायरच्या बाबतीत तेथील अनुभव असा की हिरवळीसाठीचे रुंद आणि सपाट नक्षीचे टायर बर्फावर तरंगतात आणि वळत नाहीत, तर परिघाभोवती उभ्या धारा असलेले अरुंद टायर बर्फात रुततात आणि दिशा धरतात. काही जण पुढच्या चाकांनाही साखळ्या लावतात. त्या साखळ्यांचा हेतू ओढ वाढवणे नसून बाजूला घसरणे थांबवणे हा असतो, कारण ओढ मागच्या चाकांकडूनच येते. म्हणून रुंद टायर घेण्याचा सल्ला मला पटत नाही. आपल्या टायरवरच्या तीन धारा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर त्याच मापाचे, धारदार नक्षीचे नवे टायर घ्या.

काही गोष्टी तेथल्या तेथेच राहू द्याव्यात हेही खरे. थंडीने टायरमधली हवा आकसते आणि तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरले की दाब चौरस इंचाला साधारण एक पाउंडाने कमी होतो, त्यामुळे तेथे पहिल्या बर्फाला हवा तपासावीच लागते. मुंबईत तो प्रश्न नाही. तसेच मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरायचे तर ते गोठू नये म्हणून तेथे त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, ते गळले की रिंग खाते, आणि मग लोक दुसरे द्रव शोधत बसतात. आपल्याकडे नळाचे साधे पाणी पुरते.

स्थितिगती

वरचे सल्ले उपयुक्त आहेत, परंतु गोणी टांगण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण आकडे मांडल्याशिवाय पटणार नाही.

आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर १.५ मीटर धरू आणि पात्याचा भार पुढच्या आसाच्या पुढे पाऊण मीटरवर आहे असे मानू. पाते वर उचललेले असताना त्याचे १२० किलो पुढच्या चाकांवर केवळ १२० किलो म्हणून येत नाहीत. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर १८० किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे ६० किलो कमी होतात. रस्त्यावरून येताना होणारी थरथर, बेअरिंगची झीज आणि टायर दबणे यांचे मूळ येथे आहे. पाते जमिनीवर टेकले की चित्र उलटते. पाते मोकळे असेल तर त्याचे वजन जमीन घेते. पण हायड्रॉलिकने ते खाली दाबून धरले असेल, तर जेवढा दाब पाते जमिनीवर देते त्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवरून उचलले जाते. अशा ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर मुळात फार तर तीनेकशे किलो असतात. त्यातले निम्मे हायड्रॉलिकने काढून घेतल्यावर चाके कोणत्याही टायरची असोत, ती वळणार नाहीत.

आता गोणी. मागच्या आसाच्या मागे पाऊण मीटरवर १०० किलो टांगले, तर मागच्या आसावर १५० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून ५० किलो निघून जातात. पाते उचलून प्रवास करताना हे चांगलेच आहे. गाळ ढकलताना मात्र आधीच हलक्या झालेल्या चाकांचे आणखी ५० किलो गेले. आपली मुख्य तक्रार चाके वळत नाहीत ही आहे, त्यामुळे वजन मागच्या आसाच्या बरोबर वर असले पाहिजे, म्हणजे चाकांना बोल्टने बसणारी बिडाची वजने किंवा टायरमधील पाणी. पाणी भरताना व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरले की टायर सुमारे ७५ टक्के भरतो आणि उरलेल्या जागेत हवा राहते.

दुसरा मुद्दा तिरप्या पात्याचा. घर्षण बाजूला ठेवले तर गाळाचा जोर पात्याच्या पृष्ठाला लंब येतो. पाते ३० अंशांनी तिरपे असेल तर त्या जोराचा निम्मा भाग ट्रॅक्टरला आडवा ढकलतो. गाळ उजवीकडे पडतो आहे म्हणून तोंड डावीकडे जाते, यात यंत्राचा दोष काहीच नाही. उपाय चालवण्याच्या पद्धतीत आहे: तिरपेपणा कमी करा, आणि पाते पूर्ण रुंदीने भरण्याऐवजी चराच्या बाजूने सुरुवात करून प्रत्येक फेरीत पात्याच्या निम्म्या रुंदीइतकाच गाळ उजवीकडे सारत भिंतीकडे या. फेऱ्या वाढतील, पण प्रत्येक फेरी सरळ जाईल.

तिसरी गोष्ट कोणीच विचारली नाही. काम करताना डिफरन्शियल लॉक लागलेला असतो का? तो लागला की मागची दोन्ही चाके समान वेगाने फिरतात आणि ट्रॅक्टरला सरळ रेटत राहतात. हलकी झालेली पुढची चाके त्या रेट्याविरुद्ध तोंड वळवू शकत नाहीत. रुतलेल्या ट्रॅक्टरला बाहेर काढण्यापुरताच तो लावावा आणि वळण्यापूर्वी सोडावा. उलट डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल वेगळे असतील तर गाळात अगदी सावकाश चालताना नुसते उजवे पेडल हलकेच दाबल्याने तोंड भिंतीपासून दूर ठेवता येते. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल कडीने जोडायला मात्र विसरू नये. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो.

नटबोल्ट_भांडुप

गोणींबाबतचे गणित मान्य. मी नांगर चालवणाऱ्या ट्रॅक्टरांवर अधिक काम केले आहे आणि तेथे पुढचे तोंड उचलले जाऊ नये म्हणून वजने पुढच्या बंपरवर लावतात. येथे पुढे पाते आल्यामुळे सगळा हिशेब फिरतो.

टो-इन, म्हणजे पुढची दोन्ही चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणे, तपासायचे राहिले. चाके सरळ ठेवून, हबच्या मध्याच्या उंचीवर, दोन्ही टायरांच्या मधल्या धारांमधले अंतर आधी पुढच्या बाजूने आणि मग मागच्या बाजूने मोजा. पुढचे अंतर काही मिलिमीटरने कमी हवे. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. बुश आणि टाय रॉडची टोके बदलण्यापूर्वी टो-इन लावण्यात अर्थ नाही, कारण खेळ असेपर्यंत ते भाराखाली पुन्हा बिघडते.

वाडीवाला_गोराई

सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींना रस्त्याने उत्तनमार्गे बोलावून आपण सांगितलेल्या क्रमाने तपासणी करून घेतली, तिचा निष्कर्ष कळवतो.

डाव्या हबमधले ग्रीस पांढुरके झाले होते आणि बाहेरच्या बेअरिंगच्या वाटीवर खड्डे होते. दोन्ही बेअरिंग, वाट्या आणि सील बदलले. डाव्या किंग पिनची खालची बुश झिजली होती, तीही बदलली. मिस्त्रींनी एक उपयुक्त गोष्ट दाखवली, ती अशी की चाक जमिनीवर असताना किंग पिनच्या निपलमधून ग्रीस मारले तर ते खालच्या थ्रस्ट वॉशरपर्यंत पोहोचतच नाही. चाक उचलून, डावी-उजवीकडे वळवत मारले तर जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत आत जाते. खडूची रेघ सरकली, म्हणून रिंग घासून रंगवून घेतली. उजव्या टायरच्या धारा बऱ्या आहेत, डाव्याच्या बाहेरच्या धारेचा मागमूस उरलेला नाही. त्या बाजूला नवा टायर घेतो आहे.

डिफरन्शियल लॉकच्या पेडलची स्प्रिंग चिखलाने जाम झाली होती आणि पेडल पाय काढल्यावरही पूर्ण वर येत नव्हते. ते साफ करून तेल दिल्यानंतर वळण्यात जो फरक पडला, तो बेअरिंग बदलल्याने पडलेल्या फरकापेक्षा जास्त आहे असे मला वाटते. मागच्या टायरांत पाणी भरून घेतले आणि फेऱ्या अर्ध्या पात्याने घेऊन पाहिल्या. तोंड अजूनही किंचित डावीकडे ओढते, पण उजव्या ब्रेकने सावरता येते. फोर व्हील ड्राइव्हचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

एक प्रश्न उरतो. पाते मोकळे सोडावे असे वर म्हटले आहे, परंतु फॅब्रिकेटरने बसवलेल्या लिव्हरला वर, खाली आणि मधली बंद अशा तीनच अवस्था आहेत. मधल्या अवस्थेत पाते आहे त्या उंचीवर अडकून राहते आणि चाक खड्ड्यात गेले की जमिनीत घुसते.

स्थितिगती

मोकळे सोडण्याची अवस्था असलेला चार अवस्थांचा डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह बसवणे हा सरळ मार्ग आहे आणि पात्याचा जॅक (ते उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर) दोन्ही बाजूंनी तेलावर चालणारा असेल तर तोच बसवावा. खर्च टाळायचा असेल तर जॅकचे पात्याकडचे टोक ज्या पिनेवर बसते, तिचे पात्याच्या कानातले गोल भोक उभ्या दिशेने लांबवून घ्या. मग जॅक स्थिर असतानाही पाते त्या लांबट भोकाच्या मर्यादेत आपोआप वर-खाली होईल आणि उंचवट्यावर ट्रॅक्टरचे तोंड उचलण्याऐवजी स्वतः उचलले जाईल. यात दाबून धरण्याची सोय जाते, पण ओल्या गाळाला पात्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. वाळून टणक झालेला थर असेल तर तो आधी टिकावाने फोडावा.

त्याच वेळी पात्याच्या दोन्ही टोकांना उंची बदलता येतील असे स्किड शू (जमिनीवरून घसरत पाते टेकवून धरणारे लोखंडी पाय) लावून घ्या आणि पात्याची धार जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर वर राहील असे ते ठेवा. वाटेवर दगडी फरसबंदी किंवा नारळाची मुळे असतील तर डाव्या टायरला बसणारे झटके तेथेच कमी होतील. लांबट भोकाच्या वरच्या टोकाला, जेथे पाते उचलताना पूर्ण भार पिनेवर येतो, तेथे कानाची जाडी वाढवणारी पट्टी वेल्ड करायला फॅब्रिकेटरला आठवणीने सांगा. मूळ कान एवढ्या धक्क्यासाठी केलेला नसतो.

मुलुंडकर

स्किड शूच्या बाबतीत एक पुस्ती. खडीच्या वाटेवर बर्फ काढणारे लोक शू थोडे जास्त खाली ठेवून मुद्दाम पातळ थर मागे सोडतात, नाहीतर बर्फाबरोबर सगळी खडी हिरवळीवर जाऊन पडते. आपल्या वाटेवर खडी टाकलेली असेल तर तसेच करा, आणि दिवसाचे काम संपल्यावर चाके व पाते गोड्या पाण्याने धुताना प्रेशर पंपाची धार हबच्या सीलवर थेट मारू नका. नवे सीलही त्या दाबापुढे टिकत नाही.